हातची रेघ, पडद्यावरचा रंग : वास्तुचित्रणाची मिश्र पद्धत

नियोजित इमारत प्रत्यक्षात कशी दिसेल हे दाखविणाऱ्या चित्रास वास्तुचित्र म्हणतात. कागदावर हाताने रेखाटन करून ते स्कॅन करणे आणि संगणकावर त्यात रंग भरणे, ही त्याची मिश्र पद्धत होय. केवळ संगणकावर घडविलेले चित्र छायाचित्रासारखे हुबेहूब असल्याने पाहणाऱ्यास सारे काही ठरून गेल्याचा भास होतो. हातची रेघ मात्र आराखडा अजून बदलता येईल, हे न बोलता सांगते.

पार्श्वभूमी

हाताने काढलेल्या वास्तुचित्रांची परंपरा जुनी आहे. फ्रँक लॉइड राइट यांच्या वास्तूंची, मॅरियन महोनी यांचा मोठा हात असलेली रेखाटने १९१० साली बर्लिनहून निघालेल्या वासमुथ चित्रसंग्रहातून युरोपात पोहोचली. जलरंगात भिंतीचा रंग चुकला, तर बहुधा चित्र नव्याने काढावे लागे. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले आणि पुढे रेघेला धक्का न लावता रंग बदलणे शक्य झाले.

कृती

प्रथम क्षितिजरेषा व लोपबिंदू निश्चित करून पेन्सिलीने यथार्थदर्शन मांडतात. काही जण संगणकावरील साधी त्रिमितीय प्रतिकृती छापून तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवतात. त्यामुळे प्रमाण चुकत नाही. त्यानंतर शाईचे काम. बाह्यरेषांसाठी ०.५ मिलिमीटरचे, तर कौले आणि गजांसारख्या तपशिलांसाठी ०.१ मिलिमीटरचे पेन वापरता येते.

रेखाटन इंचाला ३०० बिंदू या घनतेने स्कॅन केल्यास ए-३ कागदाचे सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेलचे चित्र मिळते. ‘लेव्हल्स’च्या साहाय्याने कागदाचा करडेपणा घालवून रेघ काळी करतात. हा थर सर्वांत वर ठेवून त्यास ‘मल्टिप्लाय’ हा प्रकार देतात. त्यामुळे पांढरा भाग पारदर्शक भासतो, काळी रेघ टिकते आणि खालच्या थरांवरील रंग दिसू लागतात. भिंत, छप्पर, झाडे, आकाश आणि सावली यांना स्वतंत्र थर दिल्यास घरमालकाने रंग बदलण्यास सांगितले, तरी एकाच थरावर काम करावे लागते.

रंग आणि सावली

गोव्यातील जुन्या घराच्या चित्रात चिऱ्याचा तांबूसपणा, मंगळुरी कौले आणि शिंपल्यांच्या तावदानांतून झिरपणारा दुधी उजेड यांना महत्त्व असते. चिरा एकसारख्या रंगाने भरला की विटेसारखा दिसतो. त्याची सच्छिद्रता कागदावर ठिपक्यांनीच उमटवावी. सावलीही अदमासाने टाकू नये. पणजी सुमारे १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ५१ अंश उंचीवर असतो. जूनमध्ये मात्र तो माथ्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. ओसरीच्या पागोळीची सावली किती खोल पडेल, हे त्यावरून ठरते.

मर्यादा आणि जबाबदारी

रंग भरणे सोपे झाले, तसे चित्र सजविणेही सोपे झाले. शेजारचे घर पुसून टाकणे, जागेवर नसलेला माड उभा करणे किंवा अरुंद वाट रुंद दाखविणे हे काही क्षणांचे काम आहे. परंतु बांधकामासाठी पैसे देणारा माणूस बहुधा नकाशा नव्हे, तर चित्रच वाचतो. म्हणून ठरलेल्या गोष्टींना रंग द्यावा आणि न ठरलेल्या गोष्टी नुसत्या रेघेत ठेवाव्यात, हा या पद्धतीतील उपयुक्त दंडक ठरतो. कोऱ्या सोडलेल्या जागेकडे बोट दाखवून घरमालक प्रश्न विचारू शकतो, आणि पाया खणण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कागदावरच देता येते.