शेजाऱ्याचा कॅमेरा आणि आमचा उंबरठा

गेल्या काही वर्षांत शहरातल्या सोसायट्यांमध्ये, चाळींमध्ये आणि आता गावातल्या आळीतही घराबाहेर सीसीटीव्ही कॅमेरा लावणे ही साधी गोष्ट झाली आहे. चोरीची भीती असते, म्हातारे आईवडील घरी एकटे असतात, दारात कोण आले ते कामावर बसून पाहता येते. ही कारणे खरी आहेत आणि आमचा त्यांना विरोध नाही. परंतु तोच कॅमेरा समोरच्याच्या दाराकडे, खिडकीकडे किंवा मोरीकडे तोंड करून बसला की प्रश्न निव्वळ सुरक्षेचा राहत नाही. आपल्या घरी कोण येते, मटणाची पिशवी कोणत्या वारी येते, १४ एप्रिलला किती माणसे जमतात, मुलगी रात्री किती वाजता परतते, याची नोंद दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये होऊ लागते. आडनाव सांगताना दहा वेळा विचार करून भाड्याने खोली मिळवणाऱ्या आमच्या मुलामुलींना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तक्रार केली की एक ठरलेले उत्तर मिळते : लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरता कशाला? या उत्तराचा समाचार घ्यायचा तर इतिहासात जावे लागते. या देशात कोणाला पडदा मिळाला, कोणावर पहारा बसला आणि हे कोणी ठरवले, हे आम्ही विसरून चालणार नाही.

खिडकीचा कायदा कोणासाठी होता?

शेजाऱ्याने आपल्या घरात डोकावू नये, हा विचार पाश्चात्त्य आहे आणि तो परवा-परवा आला, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे इंडियन ईझमेंट्स ॲक्टमध्ये, कलम १८ रूढीने मिळणाऱ्या हक्कांविषयी आहे. त्या कलमाखाली दिलेले एक उदाहरण नेमके खिडकीचे आहे. एखाद्या शहरात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या घरातील जो भाग सहसा परक्या नजरेआड असतो, तो दिसेल अशी नवी खिडकी उघडता येणार नाही. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात हा रूढीचा हक्क मान्य केला. शेजाऱ्याच्या नव्या बांधकामातून आपल्या घरातील स्त्रियांच्या राहण्याचा भाग दिसतो, अशी तिथे तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयाने गुजरातपुरती अशी रूढी त्याआधीच मान्य केली होती. मद्रास उच्च न्यायालयाने मात्र तसा हक्क मानला नाही.

या निकालांचे कौतुक करण्यापूर्वी त्यांचा पाया पाहिला पाहिजे. हक्क माणसाला नव्हता, रूढीला होता. ज्या घरांत पडद्याची चाल होती, ज्यांना आतला चौक आणि बाहेरची ओसरी होती, त्यांची रूढी कोर्टात सिद्ध होत असे. ज्यांच्या बायका दुसऱ्याच्या शेतात राबत होत्या, ज्यांच्या झोपडीला धड कूड नव्हता, ज्यांना पाण्यासाठी उघड्यावर तिष्ठावे लागत होते, त्यांनी कोणती रूढी सिद्ध करायची? त्यांच्याबाबत एकच रूढी होती, ती म्हणजे अपमानाची. शिवाय पडद्याआडच्या स्त्रीला तरी खासगीपणा होता काय? तो घरमालकाचा होता. घराची अब्रू जपली जात होती, बाईचे मन आणि शरीर नव्हे.

म्हणूनच १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आम्हाला खासगीपणाच्या इतिहासातील मोठे पाऊल वाटते. उच्चवर्णीय विधवांनी तिथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, त्यांचे नाव बाहेर जाणार नाही, अशी ती व्यवस्था होती. ज्यांच्या वाड्यांना उंच भिंती होत्या, त्या घरातल्या बायकांना खरा आडोसा एका माळ्याच्या घरात मिळाला. बाईची गुप्तता घराण्याच्या अब्रूसाठी न राखता तिच्या जिवासाठी राखली गेली. हा आमचा वारसा आहे.

पहारा करणारे आणि पहाऱ्यातले

गावगाड्यात वेशीवर पहारा द्यायचा महाराने. सीमेचा तंटा झाला तर साक्ष महाराची, परका माणूस गावात शिरला तर खबर द्यायची येसकराने. गावाचे डोळे आमचे पूर्वज होते, पण त्या डोळ्यांवर त्यांची मालकी नव्हती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते या गुलामीविरुद्धच. ही कनिष्ठ वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

दुसऱ्या बाजूला संपूर्ण जमातींवरच पहारा बसवला गेला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू करता आला. पारधी, कैकाडी अशा जमातींची नोंद झाली, हजेरी लागली, गाव सोडायला परवानगी लागू लागली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. गुन्हा केला म्हणून ही पाळत नव्हती, जन्म घेतला म्हणून होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पण आजही एखाद्या वसाहतीत चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर कोण जाते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

आणि खुद्द बाबासाहेब? १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत वहीत पारशी नाव लिहून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. ज्यांना लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरता कशाला असे विचारायचे आहे, त्यांनी आधी बडोद्याच्या त्या खोलीला विचारावे. बाबासाहेबांनी कोणता गुन्हा लपवला होता? जातीच्या समाजात नुसती ओळख उघड होणे हेच शिक्षेला पुरेसे असते.

बाबासाहेबांनी मागितलेला हक्क

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी घटना समितीसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातील मूलभूत हक्कांमध्ये एक स्पष्ट तरतूद आहे : माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असले पाहिजे, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघता कामा नये. घटना समितीच्या उपसमितीतही असा मसुदा आला होता. पोलिसांच्या तपासात अडथळा येईल, असा आक्षेप आला आणि तो गळला. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तीच गोष्ट दुरुस्ती म्हणून मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे आहेच, पण उद्याचे कायदेमंडळ ते काढून टाकू शकते, म्हणून ते त्याच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहाने दुरुस्ती फेटाळली.

त्या नकाराची किंमत पुढे मोजावी लागली. १९४१ मध्ये दरोड्याच्या संशयावरून पकडलेल्या आणि पुराव्याअभावी सुटलेल्या खरक सिंग यांच्यावर उत्तर प्रदेश पोलिसांनी पाळत ठेवली होती. रात्री-अपरात्री दार ठोठावले जाई. १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असे बहुमताने म्हटले. न्या. सुब्बा राव यांनी त्याला विरोध नोंदवला. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने हा हक्क मान्य केला. खासगीपणा हा सुखवस्तूंचा चोचला आहे, गरिबांना आधी भाकरी हवी, हा सरकारी युक्तिवादही त्यांनी नाकारला. बाबासाहेबांची मागणी वेगळ्या रूपात का होईना, सत्तर वर्षांनी मान्य झाली.

धोका फक्त सरकारचा नाही

आता कोणी म्हणेल, झडती पोलीस घेतात, शेजारी नव्हे. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहेत, हे बरोबर आहे. पण आपल्या देशात स्वातंत्र्य हिरावून घेणारा शेजारीही असतो, हे बाबासाहेबांइतके कोणी ओळखले नव्हते. म्हणून तर 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी आहे. म्हणूनच संविधानाचे कलम १७ सरकारपुरते नाही, ते प्रत्येक नागरिकाला लागू आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी घटना समितीत गावाचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले ते याच अनुभवातून. गावात प्रत्येकाला प्रत्येकाची जात ठाऊक असते. शहराने आम्हाला थोडीशी अनामिकता दिली. शेजाऱ्याचा कॅमेरा ती अनामिकता काढून घेत असेल तर शहरात पुन्हा गावची चावडी भरते.

कायदा येथे अजून अपुरा आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागूच होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी क्षणांचे चित्रण गुन्हा मानते, पण दारातली रोजची ये-जा त्यात बसत नाही. तरी वाट बंद नाही. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, सहरहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असे म्हटले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. हा खटला दोन स्वतंत्र घरांचा नव्हता, पण त्यातले तत्त्व आपल्याला उपयोगी आहे.

काय करायचे?

कॅमेऱ्याचा सरसकट विरोध ही आमची भूमिका नाही. जुलै २०२० मध्ये दादरच्या राजगृहावर हल्ला झाला तेव्हा तिथल्या कॅमेऱ्याचीही मोडतोड झाली होती. पुरावा कोणाला नको असतो, हे त्यावरून समजते. वस्तीवर हल्ला होतो, विहाराची विटंबना होते, तेव्हा चित्रीकरण आपला साक्षीदार ठरते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला, तो आम्हाला हवाच आहे. सत्तेवर कॅमेरा असावा आणि माणसाच्या घराला आडोसा असावा, हे आमचे सूत्र आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते.

शेजाऱ्याचा कॅमेरा तुमच्या दारावर असेल तर आधी समोरासमोर बोला. कॅमेऱ्याचे तोंड फिरवता येते, चित्रातला ठरावीक भाग झाकण्याची सोयही बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. ऐकले नाही तर लेखी अर्ज द्या, फोटो काढून ठेवा, सोसायटीच्या समितीत विषय घ्यायला लावा. प्रकरण वाढले तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. चित्रीकरणाच्या आधारे जातिवाचक शिवीगाळ, धमकी किंवा घर सोडण्याचा दबाव आला तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली कोणते कलम लागते ते वकिलाला विचारा आणि एकटे लढू नका.

हीच कसोटी आपल्यालाही लावा. आपल्या वस्तीत मंडळाने कॅमेरे बसवले असतील तर त्यांचे तोंड रस्त्याकडे आहे की सार्वजनिक नळाकडे आणि बायकांच्या शौचालयाकडे? त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे? मुली कोणाशी बोलतात हे पाहण्यासाठी कोणी ते चित्रण उघडत असेल तर आपणही नव्या पडद्याचे पहारेकरी झालो. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, महिलांना आधी बोलू द्या आणि कॅमेरे कुठे असावेत याचा ठराव लिहून ठेवा.

जय भीम!