सतरा थाऊंचे राजकारण

शिकारीवरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत एक प्रकरण हमखास असते. जंगल, हाकारे, मचाण हे सारे सुरू होण्याआधी लेखक बंदुकीविषयी बोलून घेतो. कोणत्या जनावराला कोणती रायफल, गोळी किती व्यासाची, दारू किती, नेम धरायला साधी माशी बरी की दुर्बीण. बहुतेक वाचक ही पाने उलटून थेट वाघाकडे जातात. मी मात्र गेली पंधरा-सोळा वर्षे हीच पाने वाचत आलो आहे. मी शिकारी नाही, माझ्याकडे बंदुकीचा परवानाही नाही. पण लेथवर वीस वर्षे काम केल्यामुळे मोजमापांशी सलगी आहे. कारखान्यात इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही ‘थाऊ’ म्हणतो. बंदुका घडवणाऱ्यांचा सारा व्यवहार याच थाऊत चालतो.

ही प्रकरणे वाचताना एक प्रश्न सतत समोर येत गेला. मोठ्या जनावरासाठी गोळीचा व्यास नेमका कोण ठरवतो? जनावर ठरवते, शिकारी ठरवतो, की आणखी कोणी?

सुरुवातीला तरी उत्तर सोपे होते. बारा बोरची बंदूक आपण सर्वांनी निदान बँकेच्या दारात पाहिलेली असते. यातला ‘बारा’ हा आकडा शिशाच्या वजनावरून आला आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. चार बोरची गोळी पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची. काळ्या दारूच्या जमान्यात गोळीचा वेग फार वाढवता येत नसे, त्यामुळे हत्ती-गव्यासाठी गोळी जड करणे हाच उपाय होता. सॅम्युअल बेकर या इंग्रज शिकाऱ्याकडे अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी एक अजस्र बंदूक होती आणि तिचे लाडके नाव होते ‘बेबी’. ती झाडली की धक्क्याने आपण गरकन फिरत असू, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे.

हा वाद आपल्या सातपुड्यातही रंगला होता. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा मध्य प्रांतातला अधिकारी. त्याचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे १८७१ चे पुस्तक सातपुड्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते. त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, ते मात्र कमी जणांना माहीत असते. नळी मोठी, गोळी गोल, आतल्या आट्यांचा पीळ सौम्य आणि दारू भरपूर असा त्याचा आग्रह होता. झाडीत जनावर किती अंतरावर उभे आहे हे नीट कळत नाही, तेव्हा गोळी शक्य तितकी सरळ रेषेत गेली पाहिजे, हे त्यामागचे कारण. त्याच्याशी सहमत व्हा वा होऊ नका, त्याच्या हिशेबात जंगल आणि जनावर होते एवढे नक्की.

पुढे कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली आणि चित्र पालटले. वेग वाढला, गोळीवर धातूचे कवच चढले, आणि पूर्वी चार बोरने व्हायचे ते काम अर्ध्या इंचाहून लहान गोळी करू लागली. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस बाजारात आणले. ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला २,१५० फूट, नळीतून सुटताना ऊर्जा ५,००० फूट-पौंडांच्या आसपास. हत्ती, गवा, वाघ या सर्वांना पुरेल असे हे काडतूस पाहता पाहता मोठ्या शिकारीचे प्रमाण-माप ठरले. माझ्या प्रश्नाचे सोपे उत्तर इथपर्यंतच टिकते.

१९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदान या दोन मुलखांत .४५० मापाच्या रायफली आणि काडतुसे आणण्यावर बंदी घातली. कारणाचा शिकारीशी काडीचा संबंध नव्हता. ब्रिटिश फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .४५० मापाची. फौजेने ती टाकली तरी वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या आणि सुदानमधल्या बंडखोरांच्या हाती अशा पुष्कळ रायफली होत्या. शिकाऱ्यांसाठी आलेला माल त्यांच्याकडे वळेल, काडतुसातली गोळी काढून मार्टिनीच्या काडतुसात भरली जाईल, ही सरकारची धास्ती. हिंदुस्थानी माणसाच्या हाती काय असावे याची चिंता जुनीच होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने येथल्या माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे बंद केले आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत याच कायद्याविरुद्ध ठराव होत होते. १९०७ च्या बंदीने त्या भीतीचा फटका प्रथमच गोऱ्या शिकाऱ्याच्या दुनळीला बसला.

हा फटका किती मोठा, हे दुनळी रायफलीची घडण पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. शेजारी जोडलेल्या दोन नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा जुळवाव्या लागतात. कारागीर गोळ्या झाडून पाहतो, नळ्यांमधली पाचर सरकवतो, पुन्हा झाडतो. ही जुळणी एकाच वजनाच्या गोळीसाठी आणि ठरावीक दारूसाठी असते. काडतूस बदलले की उजवी नळी एकीकडे मारते, डावी दुसरीकडे. म्हणजे काडतूस मिळेनासे झाले की हजारो रुपयांची बंदूक भिंतीवर टांगायच्या लायकीची उरते.

हिंदुस्थान ही इंग्रज बंदूकवाल्यांची मोठी पेठ. ती सोडणे कुणालाच परवडणारे नव्हते. मग प्रत्येक जण .४५० च्या आसपासचा नवा आकडा घेऊन पुढे आला. हॉलंड अँड हॉलंडचे .४६५, जोसेफ लँगचे .४७०, जेफ्रीचे .४७५ नंबर २, वेस्टली रिचर्ड्‌सचे .४७६. यादी वाचताना वाटते की प्रत्येक जनावरासाठी वेगळे काडतूस निघाले. प्रत्यक्षात .४५० ची गोळी मोजली तर व्यास ०.४५८ इंच भरतो आणि .४७० ची ०.४७५. फरक सतरा थाऊंचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. वेग तोच, ऊर्जा जवळपास तीच. गव्याला या दोन गोळ्यांतला फरक कळणे शक्य नव्हते. तो फक्त कस्टमच्या कारकुनाला कळत होता.

गोळीच्या टोकाचीही अशीच कथा आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागारात १८९० च्या दशकात मऊ टोकाची गोळी तयार झाली. शरीरात शिरताच ती पसरते. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळीला मनाई केली. वाघासारख्या पातळ कातडीच्या जनावरासाठी मात्र हीच गोळी योग्य मानली गेली, कारण ती आरपार न जाता आत थांबते आणि जनावर लवकर मरते. हत्तीच्या कवटीसाठी याउलट न पसरणारी, पूर्ण कवचाची गोळी लागते. एकच वस्तू रणात क्रूर आणि रानात दयाळू ठरावी, हा न्याय विचित्र वाटला तरी त्यामागे जनावराच्या शरीराचा विचार आहे. सतरा थाऊंमागे तो नव्हता.

योगायोग असा की याच १९०७ साली कुमाऊंमध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. ती रिग्बीची .२७५. पुढे २०१५ मध्ये रिग्बी कंपनीनेच ती परत विकत घेतली. .२७५ हे नाव इंग्रजी असले तरी काडतूस जर्मन, मूळचे सात मिलिमीटरचे माउझर. बोअर युद्धात ज्या गोळ्यांनी इंग्रज शिपाई टिपले गेले, त्या याच काडतुसाच्या. स्वतःच्याच फौजेचे जुने माप सरकारने धोक्याचे ठरवले, आणि शत्रूचे माप इंची नाव धारण करून गव्हर्नरसाहेबांच्या हातून बक्षीस म्हणून आले.

ही हलकी गोळी मोठ्या जनावराला पुरते का? कागदावर तिची ऊर्जा .४५० च्या निम्म्याहून कमी. पण डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुसंख्य याच काडतुसाने. त्याने मेलेल्या हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवले होते. हा आकडा आज वाचताना अंगावर काटा येतो. तरी त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही: गोळी किती जाड यापेक्षा ती कुठे लागते हे मोठे. कॉर्बेटला .२७५ च्या हलकेपणाने १९३० मध्ये तारले. चौगढच्या वाघिणीशी आठ फुटांवर गाठ पडली तेव्हा त्याच्या डाव्या हातात नुकतीच उचललेली पक्ष्याची अंडी होती. साडेतीन किलोच्या आसपासची रायफल त्याने एका हाताने वळवली आणि झाडली. पाच किलोची दुनळी असती तर ते जमले असते असे वाटत नाही.

दुर्बिणीचा प्रश्नही असाच जमिनीवरचा. आज मोठ्या शिकारीची रायफल दुर्बिणीशिवाय कल्पनेत येत नाही, पण आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांनी ती फारशी जवळ केली नाही. दाट झाडीत वाघ दिसतो तो वीस-तीस पावलांवर, आणि तेवढ्यात दुर्बिणीत जनावर शोधण्यात वेळ जातो. जड रायफलीचा धक्का दुर्बिणीची कड भुवईवर आणून आदळतो. जुन्या दुर्बिणींच्या नळीत पावसाळी दमट हवा शिरून काच आतून धूसर होई. उन्हाचा हिशेब तर दारूतही होता: कॉर्डाइट तापले की नळीतला दाब वाढतो आणि रिकामे काडतूस आत अडकून बसते. म्हणून उष्ण मुलखासाठी कमी दारूची वेगळी काडतुसे बनत. हे निर्णय ऊन, पाऊस आणि अंतर यांनी घेतले होते, म्हणून ते पटतात.

या साऱ्या चर्चेत जो कुठेच नाही तो गावकरी. शस्त्र कायद्यामुळे त्याच्या वाट्याला चांगली रायफल आली नाही. आली ती पीक राखायला ठासणीची बंदूक. तिने वाघ मरत नाही, जखमी होतो. चंपावतच्या वाघिणीचे दोन सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते, आणि नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली असे कॉर्बेटने मांडले. ठाकच्या नरभक्षक वाघिणीच्या अंगावरही गोळ्यांच्या जुन्या जखमा होत्या. त्या गोळ्या कुणाच्या बंदुकीतल्या हे सांगता येत नाही. साहेबांचे नेमही चुकत असत. पण माझा तर्क असा की, ज्या राज्याने बंडाच्या भीतीने गावोगाव फक्त अपुरी हत्यारे शिल्लक ठेवली, त्या राज्याने घायाळ वाघांची संख्याही वाढवली. त्याची किंमत गवत कापायला गेलेल्या बायकांनी मोजली.

आफ्रिकेतल्या अनेक देशांत आजही कायदा कॅलिबर ठरवतो, पण उलट बाजूने. हत्ती-म्हशीसाठी .३७५ पेक्षा लहान गोळी वापरायची नाही, असे त्याचे साधारण रूप. जनावर घायाळ होऊन तळमळत राहू नये हा त्यामागचा विचार. दोन्ही कायदे मोजतात एकच व्यास. एकाची नजर बंडखोरावर होती, दुसऱ्याची जनावराच्या वेदनेवर आहे. तिथे आजही दुनळीत सर्वाधिक चालते ते .४७०, म्हणजे हिंदुस्थानातल्या बंदीचे अपत्य. आणि १९५६ मध्ये अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने जड जनावरांसाठी नवे काडतूस काढले तेव्हा त्याचा व्यास होता ०.४५८, तोच जुना. तोवर ज्या राज्याला त्याची भीती होती ते राज्यच उरले नव्हते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मोठ्या शिकारीचा विषय संपला. तो संपला हे चांगलेच झाले. भीतीचे माप मात्र शिल्लक आहे. फौजी .३०३ चे काडतूस सामान्य माणसाला बाळगता येऊ नये, म्हणून इंग्रजी अमलात .३१५ हे वेगळे माप येथे रुजले. स्वातंत्र्यानंतर आपल्याच आयुध कारखान्यांनी ते चालू ठेवले. आज जिल्हाधिकारी कचेरीतून परवाना घेऊन शेतकरी जी रायफल घेतो ती बहुधा .३१५ ची असते. तिच्या काडतुसाच्या पितळी बुडावर ‘केएफ’ ही दोन अक्षरे असतात, म्हणजे आपली पुण्याची खडकी. .३०३ आणि .३१५ या आकड्यांत अंतर आहे बारा थाऊंचे. ते कोणत्याही जनावराने मागितलेले नाही.