वडिलांच्या ब्रीफकेसमधील रोजनिशी : अ‍ॅन फ्रँक आणि किशोरवयीन खासगीपणाचा प्रश्न

रोजनिशी लिहिणारी व्यक्ती किशोरवयीन असेल, तर लेखक आणि वाचक यांच्यामध्ये पालक उभा असतो. मुलीच्या काळजीपोटी तिचे लेखन उघडावे की तिच्या विश्वासापोटी मिटलेले ठेवावे, हा प्रश्न मग कौटुंबिक राहत नाही. संहितेच्या घडणीशी तो जोडला जातो. अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवशी, अ‍ॅनला ही वही मिळाली. ६ जुलैला फ्रँक कुटुंब अ‍ॅमस्टरडॅममधील प्रिन्सेनग्राख्त २६३ येथील कचेरीच्या मागील भागात अज्ञातवासात गेले. पुढे तेथे आठ माणसे राहू लागली. नोव्हेंबर १९४२पासून अ‍ॅनची खोली एका प्रौढ दंतवैद्याबरोबर वाटली गेली. लिहिण्याचे टेबल आठवड्यातून दोन दुपारी आपल्याला मिळावे, यावरून त्यांच्यात वाद झाला तेव्हा वडील ऑटो फ्रँक यांनी मध्यस्थी केली. रोजनिशी त्यांच्याच ब्रीफकेसमध्ये, त्यांच्या बिछान्याजवळ असे. ती न वाचण्याचे वचन आपण दिले होते आणि ते पाळले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

याचा अर्थ ते निर्धास्त होते असा नव्हे. १९४४च्या वसंतात अ‍ॅन आणि पीटर माळ्यावर एकत्र वेळ घालवू लागले, तेव्हा तिने तेथे वारंवार जाऊ नये, असे ऑटो यांनी तिला समोरासमोर सांगितले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अ‍ॅनने आपले स्वातंत्र्य बजावणारे पत्र त्यांना दिले. ते दुखावले, तिलाही पश्चात्ताप झाला. काळजीचा अधिकार ऑटो यांनी वर्तनापुरता वापरला आणि तोही उघडपणे. हाताशी असलेली वही मात्र मिटलेलीच राहिली.

४ ऑगस्ट १९४४ रोजी अटकेच्या वेळी अधिकाऱ्याने तीच ब्रीफकेस जमिनीवर रिकामी केली. मीप गीस यांनी विखुरलेले कागद गोळा केले आणि न वाचता टेबलाच्या खणात ठेवले. १९४५च्या प्रारंभी बर्गेन-बेल्सेन येथे अ‍ॅनचा मृत्यू झाला. आठ जणांपैकी एकटे ऑटो वाचले. मीप यांनी कागद स्वाधीन केल्यावर त्यांनी ते प्रथमच वाचले. आपल्याला ठाऊक असलेल्या मुलीहून वेगळीच मुलगी तेथे भेटली, अशी कबुली त्यांनी नंतर दिली. २५ जून १९४७ रोजी त्यांनी संपादित केलेली रोजनिशी प्रसिद्ध झाली.

हा वचनभंग होय काय? येथे संहितेचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. मार्च १९४४मधील एका नभोवाणी आवाहनानंतर अ‍ॅनने प्रकाशनाच्या हेतूने पुनर्लेखन आरंभले होते. परंतु ते २९ मार्च १९४४च्या नोंदीपर्यंतच पोहोचले. वडिलांना लिहिलेल्या पत्राचा प्रसंग त्यानंतरचा. तो वाचकांपुढे आणावा की नाही, याचा निर्णय लेखिकेला घेताच आला नाही; तो वडिलांनी घेतला. स्वतःला बोचणारा हा प्रसंग त्यांनी ठेवला. आईविषयीचे काही कठोर उद्गार आणि देहविषयक काही मजकूर मात्र वगळला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८६ साली, चिकित्सक आवृत्तीने अ‍ॅनचे दोन्ही खर्डे आणि ऑटो यांची संहिता शेजारी शेजारी छापली. १९९८ साली त्यांनी मागे ठेवलेली पाच पाने उजेडात आली. त्यांत आईवडिलांच्या विवाहाविषयीचे तिचे निरीक्षण होते. २०१८ साली रोजनिशीतील तपकिरी कागद चिकटवून झाकलेली दोन पानेही छायाचित्रांच्या साहाय्याने वाचली गेली. त्यांत होते काही चावट विनोद आणि लैंगिक विषयावरील मजकूर.

जिवंत मुलीच्या सुरक्षिततेचे कारण पालकाजवळ असते, आणि ऑटो यांनी तेही वही उघडण्यासाठी वापरले नाही. संशोधकाजवळ तर ते कारणही नसते. ऐतिहासिक मूल्य हे त्याचे समर्थन खरे असले, तरी ते लेखिकेच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. किशोरवयीनांच्या रोजनिशांचा तौलनिक अभ्यास करताना ‘काय लिहिले’ याबरोबरच ‘कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने उघडले’ याचीही नोंद ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.