चिकित्सा-संशोधक : प्रशिक्षण

रुग्ण तपासताना पडणारे प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने सोडवता यावेत आणि प्रयोगशाळेतील शोध रुग्णाच्या उपचारापर्यंत पोहोचवता यावा, यासाठी डॉक्टरांना द्यावयाचे शिक्षण. यातील पहिले काम क्लिनिकल संशोधनाचे, दुसरे ट्रान्सलेशनल संशोधनाचे. अमेरिकेत डॉक्टर आणि शास्त्रज्ञ अशा दुहेरी शिक्षणाला 1964 पासून सरकारी अनुदान मिळू लागले. तरीही 1979 मध्ये जेम्स विनगार्डन यांनी असा संशोधक नामशेष होत चालल्याचा इशारा दिला. त्यानंतर आखलेल्या योजनांपैकी एका प्रमुख अनुदानाची अट बोलकी आहे: अनुदान मिळालेल्या डॉक्टरचा सामान्यतः तीन-चतुर्थांश वेळ संशोधनासाठी राखीव ठेवावा लागतो. या प्रशिक्षणाचा गाभा अभ्यासक्रमापेक्षा राखीव वेळ आणि जाणता मार्गदर्शक यांत आहे, हे भारतातील अनुभवावरूनही दिसते.

भारतात संधी अजिबात नाहीत असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद 1979 पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना अल्पकालीन संशोधनासाठी विद्यावेतन देते, आणि एमडी-एमएसला प्रबंध सक्तीचा आहे. तरीही 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 579 वैद्यकीय संस्थांपैकी 332 संस्थांच्या नावावर 2005 ते 2014 या दहा वर्षांत एकही शोधनिबंध आढळला नाही. 25 संस्थांनी मिळून देशातील सुमारे 40 टक्के निबंध दिले होते. सक्तीने प्रबंध तयार होतो. संशोधक तयार होईलच असे नाही. तीन वर्षांच्या निवासी सेवेत, रात्रपाळ्या सांभाळून उरकायचा विषय निवडताना उत्तर कशाचे हवे यापेक्षा मुदतीत किती रुग्ण मिळतील याचा हिशेब आधी होतो.

वेगळी वाट मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दाखवली. तोंडाचा कर्करोग लहान आहे, मानेत गाठ लागत नाही. अशा वेळी मानेतील लसिकाग्रंथी लगेच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे? सर्जनला रोज पडणाऱ्या या प्रश्नावर तेथे 2004 पासून यादृच्छिक चाचणी चालली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी 80 टक्के, तर थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. याच संस्थेच्या पुढाकाराने लोणावळ्यात ‘क्रेडो’ ही निवासी कार्यशाळा भरू लागली. सहभागी डॉक्टर स्वतःची कल्पना घेऊन येतो. मुख्य निष्पत्ती कोणती, किती रुग्ण लागतील, संमतीपत्रात काय लिहायचे, यांवर संख्याशास्त्रज्ञ आणि अनुभवी संशोधक त्याच्याशी वाद घालतात. मसुदा पुन:पुन्हा लिहून तो पूर्ण प्रोटोकॉल घेऊनच परततो.

अशा प्रशिक्षणावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: ओपीडीत रांगा लागलेल्या असताना डॉक्टरला संशोधनासाठी मोकळे सोडणे परवडणारे नाही. मनुष्यबळाची टंचाई खरी आहे. पण दुसऱ्या देशातील रुग्णांवर ठरलेली महाग मात्रा तशीच वापरत राहणे त्याहून महाग पडते. टाटा स्मारकच्याच, 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात निवोलुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम दिले. स्वस्त केमोथेरपीला त्याची जोड मिळताच एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेले. इतकी कमी मात्रा पुरेल का, हा प्रश्न औषध कंपनी विचारणार नव्हती. गर्दीच्या वॉर्डात काम करणाऱ्यालाच तो सुचू शकतो. दुसरे म्हणणे असे की, बढतीसाठी शोधनिबंधांची अट घातली की संशोधन आपोआप वाढेल. अशा अटीने निबंधांची संख्या वाढते, प्रश्नाचा कस वाढत नाही. टाटा स्मारक ही मोठी, विशेष संस्था आहे, जिल्ह्याच्या महाविद्यालयाला ते जमणार नाही, हे म्हणणेही अंशतःच खरे आहे. तेथे प्रयोगशाळा नसेल, रुग्ण मात्र आहेत. हवा आहे तो संख्याशास्त्रज्ञ, चालती एथिक्स कमिटी आणि आठवड्यातले ठरावीक मोकळे तास. एवढी तरतूद प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने करावी. ती होत नाही तोवर प्रबंधाची सक्ती कागदावरच राहील.