यंत्रातल्या मोक्षाची वंशावळ

मॉस्कोतले ग्रंथपाल निकोलाय फ्योदोरोव (१८२९–१९०३) पेटाऱ्यावर झोपत, चहा-पावावर दिवस काढत आणि पगार गरजूंना वाटून टाकत. श्रद्धा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पण मागणं अचाट: मेलेल्यांना उठवायचं काम देवावर सोडून बसू नका, ते विज्ञानाच्या बळावर माणसानेच करायचं आहे. सगळे पूर्वज जिवंत झाल्यावर पृथ्वी अपुरी पडणारच. मग इतर ग्रहांवर वस्ती करा. मॉस्कोत शिकायला आलेल्या तरुण त्सिओल्कोव्स्कीला ग्रंथालयात मार्गदर्शन मिळालं ते त्यांचंच, आणि पुढे त्यानेच अवकाशयानाचं गणित मांडलं. आज सिलिकॉन व्हॅली मृत्यूवर मात आणि मंगळावर वस्ती ही स्वप्नं एका दमात बोलून दाखवते. ती जोडी या भाविक माणसाने तेव्हाच जुळवली होती.

जवळचा वारसा मात्र फ्रान्सच्या तेयार द शार्दँ यांचा. हे जेझुइट पाद्री जीवाश्मांचे अभ्यासक होते. उत्क्रांती पुढे सरकत सगळ्या मनांना एका ‘ओमेगा बिंदू’त, ख्रिस्तात, नेऊन मिळवील असं ते मानत. चर्चने त्यांना हे छापू दिलं नाही. मुख्य ग्रंथ १९५५ मध्ये त्यांच्या निधनानंतर आला आणि १९६२ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाबद्दल जाहीर इशारा दिला. पण इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ज्युलियन हक्सले या निरीश्वरवादी जीवशास्त्रज्ञाने, ज्याने १९५७ मध्ये ‘ट्रान्सह्यूमॅनिझम’ या नावाचा निबंध लिहिला होता. माझ्या मते सांधा बदलला तो इथे. देव गाळला गेला, सांगाडा तोच राहिला. १९९३ मध्ये गणितज्ञ व विज्ञानकथाकार व्हर्नर विंज यांनी तीस वर्षांत अतिमानवी बुद्धी अवतरेल असं भाकीत केलं; २००५ मध्ये संशोधक-लेखक रे कुर्झवाइल यांनी माणूस आणि यंत्र एकरूप होण्याचा मुहूर्तच सांगितला. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या आजच्या भांडणाला ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ म्हणणं मला पटत नाही. ही एकाच घरातली वाटणी आहे.

या वाटणीने राजकारणही हलवलं. यंत्रबुद्धीच्या धोक्याचा अभ्यास करणाऱ्या एलिएझर युडकोव्स्कींच्या संस्थेला सुरुवातीच्या काळात पैसा पुरवणारे सिलिकॉन व्हॅलीतले गुंतवणूकदार पीटर थील २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या व्यासपीठावर उभे राहिले. २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी जगाच्या अंती येणाऱ्या ख्रिस्तविरोधकावर (अँटिख्राइस्ट) व्याख्यानं दिली: तंत्रज्ञानाची भीती घालूनच तो जगाची सत्ता बळकावील, असा त्यांचा सूर. २०२२ च्या सिनेट निवडणुकीत त्यांनी ज्यांच्यामागे पैसा उभा केला ते जे. डी. व्हान्स उपाध्यक्ष झाले. २०१९ मध्ये कॅथलिक झालेल्या याच व्हान्सनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसला जाऊन युरोपला कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या जाचक नियमांबद्दल सुनावलं.

त्याच वर्षी मे महिन्यात निवडून आलेल्या नव्या पोपनी लिओ हे नाव घेतलं. तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये कारखान्यातल्या मजुरांची बाजू मांडली होती; आता प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे, असं नव्या पोपनी कार्डिनलांना स्पष्ट सांगितलं. कॅथलिक उपाध्यक्ष एकीकडे, पोप दुसरीकडे.

रिपब्लिकनांतही फूट पडली. राज्यांना या तंत्रज्ञानाचं नियमन करण्यापासून दहा वर्षं रोखणारी तरतूद ट्रम्प यांच्या मोठ्या विधेयकात घातली गेली होती. रात्रभर चाललेल्या मतदानात १ जुलै २०२५ च्या पहाटे सिनेटने ती ९९ विरुद्ध १ मतांनी उडवली. ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन या तरतुदीविरुद्ध जोर लावत होते. ऑक्टोबरमध्ये, सुरक्षिततेबद्दल शास्त्रज्ञांची सहमती आणि जनतेचा पाठिंबा मिळेपर्यंत अतिबुद्धी घडवण्यावर बंदी घाला, असं निवेदन निघालं. त्यावर बॅनन यांची सही आहे, आणि ओबामांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार सुझन राइस यांचीही.