ब्रेकचें पेडल: सळईपासून विजेपर्यंत

मोटारीच्या ब्रेकचा इतिहास म्हणजे पायाचें बळ चाकापर्यंत पोंचविण्याचा इतिहास होय. आरंभीं हें काम सळया व तारा करीत. त्या सैल पडल्या कीं गाडी एका अंगास ओढली जाई. १९२१ सालीं अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांस द्रवदाबाचे ब्रेक आले. पुढें इंजिनांतील निर्वात पोकळी पायास साह्य देऊं लागली. विजेच्या मोटारींत इंजिनच नाहीं. तें साह्य विजेचा पंप अथवा स्वतंत्र यंत्र देतें.

२०२२ सालीं छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजकांनीं एकत्र येऊन अशा मोटारी सामुदायिक रीतीनें खरेदी केल्या, आणि हें नवें पेडल या शहराच्या परिचयाचें झालें. त्याचा दोष पायासच प्रथम कळतो. पेडल दगडासारखें घट्ट लागलें, तर साह्य तुटलें असावें. स्पंजासारखें दबलें, तर नळींत हवा शिरली असावी. दाबून धरतां हळूहळू खालीं बसलें, तर तेल गळत असावें वा मुख्य सिलिंडरांतील रबर झिजलें असावें. रबर बदलून, हवा काढून, नवें तेल भरावें. केवळ तेलाची भर घालून गाडी रस्त्यावर आणूं नये.

वेग आवरतांना मोटर वीज निर्माण करून बॅटरीस परत देते खरी. परंतु बॅटरी पूर्ण भरली असतां ही सोय क्षीण होते. कन्नडहून औट्रम घाट उतरतांना मग सारा भार त्या पेडलावरच येतो.