पदपथ किती रुंद आणि किती उंच हवा?
पदपथ म्हणजे रस्त्याकडेचा, पादचाऱ्यांसाठी राखलेला भाग. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद मोकळा पट्टा हवा. त्यातून दोन चाकखुर्च्या शेजारून जाऊ शकतात. विजेचे खांब, झाडे, टपऱ्या या पट्ट्याबाहेर असाव्यात. पदपथाची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. तो फार उंच असेल, तर गुडघे दुखणारे ज्येष्ठ आणि बाबागाडी नेणारे पालक वाहनांमधूनच चालतात. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून सायकल मार्गही आखला गेला. मात्र रुंद पदपथावर दुचाकी उभ्या राहिल्या, तर उरलेली जागा हीच त्याची खरी रुंदी ठरते.